वीतभर जागेतली गन

छोटी एअर इम्पॅक्ट गन घ्यावी का आणि घ्यायची तर कोणती, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे. दुकानदार विचारतो, ‘अर्धा इंच ना? किती टॉर्कची देऊ?’ डब्यावरचा मोठा आकडा बघून सौदा होतो. पण या धंद्यातली दोन जाणती माणसं समोरासमोर बसली, की बोलणं गनपाशी थांबत नाही. ते कॉम्प्रेसरच्या टाकीत शिरतं, पाइपच्या भोकात शिरतं आणि गाडी ज्या खाऱ्या हवेत गंजली तिथवर जातं.

अशी दोन माणसं मी इथे रचली आहेत. मामांचं गॅरेज रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर. लिफ्ट नाही. एक खड्डा, दोन जॅक, चार घोड्या आणि तीन एचपीचा कॉम्प्रेसर एवढा संसार. भाची मेकॅनिकलची डिप्लोमावाली, चाकणला गाड्या जोडणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे, गणपतीला आजोळी आली आहे. अशा गोष्टींत म्हातारा जुन्या पान्याला चिकटून बसतो आणि तरुण पोर नव्या यंत्राचा हट्ट धरते, असा रिवाज आहे. इथे गन मामाला हवी आहे आणि भाची नको म्हणते आहे. दुखणारा खांदा नवं-जुनं बघत नाही.

भाची: मामा, भिंतीवर ही चिठ्ठी कसली? ‘शॉर्ट गन, अर्धा इंच.’ गन तर आहे तुझ्याकडे.

मामा: आहे की. अडीच किलोची, आणि लांबीला वीतभर. ती चाकाच्या नटांना. क्रँक पुलीचा बोल्ट काढलायस कधी? आडवं इंजिन, पुली चाकाच्या बाजूला. चाक काढायचं, आतलं प्लास्टिकचं कव्हर काढायचं, मग बोल्ट दिसतो. काही गाड्यांत त्याच्यासमोर लगेच बॉडीचा पत्रा. माझी गन आणि तिच्या तोंडाला लांब गोटी (सॉकेट) मिळून होतात फूटभर. जागा असते वीतभर. मग काय, लांब दांडा लावा, खड्ड्यात पाय रोवा आणि देवाचं नाव घ्या. हा खांदा त्या बोल्टापायी गेलाय गो.

भाची: एक्स्टेन्शन लाव. गन बाहेर, गोटी आत.

मामा: एक्स्टेन्शन मार खातं. गन म्हणजे काही नुसती फिरवणारी मोटर नाही, ती आतून ठोके देते. मधे लांब सळई आली की ठोका बसल्यावर आधी ती सळई पीळ खाते, सरळ होते, परत पीळ खाते. बोल्टापर्यंत पोचतो तो उरलासुरला ठोका. त्यात वाकडा जॉइंट लावलास तर विचारूच नको. गन नुसती कडकडते, बोल्ट जागचा हलत नाही.

मामांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते का बरोबर हे गनच्या पोटात बघितलं की कळतं. दाबाची हवा पात्यांवर आदळते आणि रोटर फिरतो. रोटरला जोडलेला हातोडा मोकळा फिरून वेग घेतो आणि पुढच्या ऐरणीवर, म्हणजे ज्या चौकोनी टोकाला गोटी बसते त्याच्या मुळावर, आदळतो. आदळून सुटतो, पुन्हा वेग घेतो. हे मिनिटाला हजाराहून जास्त वेळा होतं. प्रत्येक ठोका क्षणभराचा असल्यामुळे उलटा झटका हाताला फारसा येत नाही. त्यामुळेच दीड किलोच्या गनने एका हातात असा नट सुटतो, ज्याला एरवी दोन माणसं दांड्यावर लोंबकळतात. पण ठोका क्षणभराचा आहे, म्हणूनच वाटेतली प्रत्येक सैल, लवचीक वस्तू तो गिळते. गोटी थेट गनला आणि गन थेट बोल्टाला, ही इथली सगळ्यांत फायद्याची मांडणी. छोट्या गनचं खरं समर्थन तेवढंच आहे.

मामा: आणि दुसरं सांगतो. दांड्याने पुलीचा बोल्ट खोलताना क्रँकच फिरतो. तो धरायला काही तरी अडकवावं लागतं. अॅक्सलचा नट खोलताना कुणाला तरी ब्रेकवर बसवावं लागतं. गनने ठोका दिला की क्रँकला फिरायची फुरसतच मिळत नाही, त्याचं वजनच त्याला धरून ठेवतं. माझ्याकडे पोरगा एकच. तो चहा आणायला गेला की काम थांबतं.

भाची: खोलताना ठीक. आवळताना मात्र क्रँक धरावाच लागेल. कारण तिथे तू टॉर्क रेंच लावणार आहेस. लावणार आहेस ना?

मामा: (दुसरीकडे बघत) बोल पुढे.

भाची: आमच्या लाइनवर हातोड्याची गन महत्त्वाच्या जोडाला लावत नाहीत. विजेवरची नटरनर असतात. बोल्ट किती टॉर्कला बसला आणि शेवटी किती अंश फिरला, हे दोन्ही नोंदलं जातं. हिरवा दिवा लागल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. तुझ्या गनला काहीच कळत नाही. ती ट्रिगर सोडेपर्यंत मारत राहते.

मामा: तुमच्या लाइनवर येतो तो बोल्ट नवा. पिशवीतून काढलेला, गंजबिंज काही नाही. माझ्याकडे येतो त्याने आठ पावसाळे खाल्लेले असतात. बंदरावरच्या टेंपोत मासळी जाते, बर्फाचं खारं पाणी मागच्या पाट्यांवर गळत राहतं. तो बोल्ट तुझ्या त्या हिरव्या दिव्याला दाद देईल? त्याला सारख्या जोराने ओढलास तर नटाच्या आधी बोल्टच पिळवटून तुटतो. ठोके दिले की गंज आधी तडकतो. थोडं उलटं, थोडं सुलटं, वर गंजाचं तेल, परत उलटं. असा येतो तो. गॅसने तापवायचा म्हटलं तर शेजारी रबरी बुश असतो, तो जळतो.

इथे भाचीला गप्प बसावं लागतं. कारखाना फक्त जोडतो. जुनं सोडवायचं काम गॅरेजच्या वाट्याला येतं. जोडण्याच्या शास्त्रावर पुस्तकं भरपूर आहेत, गंजलेलं सोडवण्याचं शास्त्र मात्र अजून बऱ्याच अंशी माणसांच्या हातात आहे.

भाची: बरं, खोलायला गन. मान्य. पण घेणार कुठली?

मामा: दुकानदार म्हणतो साडेचारशेची आहे.

भाची: साडेचारशे काय? न्यूटन-मीटर की फूट-पाउंड? साडेचारशे फूट-पाउंड म्हणजे सुमारे ६१० न्यूटन-मीटर. एकाच आकड्यात इतका फरक पडतो. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा खोलण्याच्या दिशेचा कमाल असतो. आवळण्याच्या दिशेला कमी मिळतो, आणि कामाचा म्हणून जो पल्ला पत्रकात बारीक अक्षरात देतात तो त्याहून कमी. तो विचार. आणि हे सगळं कधी? गनच्या तोंडाशी ९० पीएसआय, म्हणजे सव्वासहा बार दाब असेल तेव्हा, आणि तोही गन चालू असताना.

मामा: माझ्या रेग्युलेटरवर सात दिसतो.

भाची: गन बंद असताना. चल, टी लावून गेज गनच्या शेजारी बसवू आणि ट्रिगर दाबू.

(बसवतात. ट्रिगर दाबल्यावर काटा पाचाच्या खाली उतरतो. मामा काट्यावर टिचकी मारून बघतात.)

भाची: काटा बरोबर आहे. चूक या निळ्या स्प्रिंगवाल्या पाइपची आहे. बाहेरून ८ मिलिमीटर, आतून ५. हवा तेवढीच आणि लांबी तेवढीच ठेवून आतला व्यास दुप्पट केला, तर वाटेत दाबाचा तोटा साधारण बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. व्यासाचा पाचवा घात असतो तिथे. १० मिलिमीटर भोकाची रबरी पाइप घे, आणि कपलरही मोठ्या भोकाचे घे. नाही तर १० ची पाइप आणि टोकाला चिमणीच्या चोचीएवढा कपलर, असं होईल. मामा, तुझी जुनी गन कमजोर नाही. ती इतकी वर्षं उपाशी आहे.

मामा: म्हणजे नवी गन नको?

भाची: म्हणजे आधी पाइप. मग बघ काय काय सुटतं.

माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत कामाची गोष्ट हीच, आणि ती कुठल्याही गनच्या डब्यावर छापलेली नसते. गॅरेजवाले हजारोंची गन घेतात आणि ती शाईच्या पेनाएवढ्या नळीला जोडतात. मग कंपनी बदलतात, टॉर्कचा आकडा वाढवतात, पण नळी तीच राहते.

मामा: आणि कॉम्प्रेसर? दुकानदार म्हणाला, छोट्या गनला चार सीएफएम पुरे.

भाची: तो चारचा आकडा सरासरीचा आहे. गन मिनिटातली काही सेकंदच चालेल असं धरून काढलेला. ट्रिगर दाबून धरलास तर अर्ध्या इंचाची गन वीस सीएफएमच्या घरात हवा पिते, छोटी असली तरी. वीस सीएफएम म्हणजे मिनिटाला ५६६ लिटर. पाच सेकंदांचा एक मारा धरला तर ४७ लिटर. तुझी टाकी १६० लिटरची. आठ बारवरून सहावर येईपर्यंत ती ३२० लिटर मोकळी हवा देते. म्हणजे कॉम्प्रेसर बंद असला तरी सहा-सात मारे बसतात, आणि तुझा तर चालूच असतो. तुला पुरेल. पण परवा तो मास्तरांचा मुलगा विचारत होता ना, घरी २५ लिटरचा छोटा कॉम्प्रेसर आहे, त्याला गन चालेल का म्हणून? त्याचं गणित कर. २५ लिटर, दोन बार, म्हणजे ५० लिटर. एका माऱ्यात संपली. मग कॉम्प्रेसर अर्धा मिनिट घरघरणार, तेव्हा पुढचा नट.

मामा: त्याने काय घ्यावं मग?

भाची: बॅटरीची गन. घरी चार चाकं काढणाऱ्याने हवेच्या नादी लागूच नये. खरं तर तूही लागू नये असं माझं म्हणणं आहे. पाइप पायांत येत नाही, पाणी साचत नाही, वीज गेली तरी चालते. बाजारात बॅटरीवरही आखूड डोक्याच्या निघाल्यात.

मामा: हे बघ, बॅटरीची वाईट म्हणत नाही मी. रस्त्यावर गाडी बंद पडली तर तीच न्यावी. पण माझ्याकडे हवा आधीच आहे, चाकात भरायला लागतेच. हवेच्या गनची पाती झिजली तर पाती बदलतो, बेअरिंग गेलं तर बेअरिंग बदलतो. बॅटरी गेली तर? पाच-सात वर्षांनी कंपनीने तो आकारच बंद केला तर? चार्जर हातात घेऊन बसू? आणि आखूड हवेची गन सव्वा-दीड किलोत येते, तेवढ्याच जोराच्या बॅटरीवालीचं वजन बॅटरीसकट बघ. गाडीखाली उताणा पडून हात वर धरायचाय मला. तुला नाय.

भाची: वजनाचं मान्य. पण मग दुसरी गोष्ट ऐक. आखूड गनांत बहुधा एकच जाडजूड हातोडा असतो, फेऱ्याला एक ठोका. मोठ्या गनांत दोन हातोडे समोरासमोर असतात, त्यांचा मार तोलून बसतो. एका हातोड्याची यंत्रणा जागा कमी घेते, ठोका जड देते, पण हादरा जास्त देते. वरून गनचं अंग हलकं, मग हादरा शोषायला वजनच नाही. खांदा वाचवायला जाशील आणि बोटं बधिर करून घेशील. युरोपात यावर २००२ चा कायदा आहे. आठ तासांच्या सरासरीने हाताला २.५ मीटर प्रति सेकंद वर्गपर्यंत हादरा बसला तर मालकाने उपाय करायला हवेत, आणि ५ च्या वर जायचंच नाही.

मामा: मला काय कळणार त्यातलं?

भाची: सोपं आहे. पत्रकात गनचा हादरा दिलेला असतो. समज तो १० आहे. मग दिवसात ट्रिगरखालचा वेळ अर्धा तास झाला की पहिली मर्यादा आली, दोन तासांनी दुसरी.

मामा: अर्धा तास ट्रिगर? गो, दिवसभरात माझा ट्रिगर दाबलेला राहतो तो पाच-सात मिनिटं. बाकी वेळ जॅक लावण्यात आणि गिऱ्हाइकाला समजावण्यात जातो. हे तुझं गणित नाक्यावरच्या टायरवाल्याला सांग. तो दिवसाला पन्नास चाकं खोलतो आणि लावतो.

भाची: त्याला सांगायचं तर आणखी बरंच आहे.

इथून दोघांचा सूर जुळतो, कारण टायरवाल्याबद्दल दोघांचं मत एकच आहे. पंक्चरवाला चाक बसवतो, गन लावतो, कडकड आवाज येईपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ मारतो. ‘घट्ट बसलं’ म्हणतो. गिऱ्हाइकालाही तो आवाज ऐकून बरं वाटतं. छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारणपणे ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. अर्ध्या इंचाची गन तो आकडा डोळ्याची पापणी लवायच्या आत ओलांडते.

भाची: आता त्या गाडीतली बाई रात्री आंबा घाटात एकटी आहे आणि टायर बसलाय. गाडीबरोबर मिळालेला पाना धर ३० सेंटिमीटरचा. ६० किलोचं माणूस त्याच्या टोकावर उभं राहिलं तरी पावणेदोनशे न्यूटन-मीटर होतात. नट आवळलाय तीनशेला. कसा सुटणार?

मामा: नाही सुटत. माझ्याकडे येतात ना, टो करून. कधी कधी स्टडच ताणलेला असतो, आटे लांबलेले. तो बदलावा लागतो. एक नट जास्त, एक कमी असं झालं, की डिस्क हबवर नीट बसत नाही आणि ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं.

भाची: आणि आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत जिरतो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आट्यांना तेल लागलं की सगळा हिशेब फिरतो. घर्षण थोडं कमी झालं तरी तो दहावा हिस्सा वाढतो आणि त्याच टॉर्कला बोल्ट भलताच ताणतो. तू स्टडला ग्रीस लावतोस का?

मामा: पूर्वी लावायचो, गंजू नये म्हणून. आता आट्यांना नाही, हबच्या तोंडाला बोट फिरवतो नुसतं. अलॉय व्हील हबला गंजून चिकटतं ना, त्यासाठी.

भाची: तेवढं चालेल. मग ठरलं का, गनने फक्त खोलायचं?

मामा: फक्त खोलायचं म्हणशील तर निम्मा वेळ वाया. आधी चार आटे हाताने फिरवायचे, वाकडा नट बसला तर तिथेच कळतो. मग गन सर्वांत कमी नंबरावर ठेवून नट टेकेपर्यंत न्यायचा. टेकला की सोडायची. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट घेत, चाक जमिनीला टेकलेलं असताना. बस?

भाची: आणि प्लग, ऑइलचा बोल्ट, टॅपेट कव्हरचे १० नंबरचे बोल्ट?

मामा: त्यांना गन दाखवायचीसुद्धा नाही. अॅल्युमिनियममध्ये आटे गेले की माझाच खर्च. ६ मिलिमीटरचा बोल्ट दहा न्यूटन-मीटरला बसतो, तो गनच्या आवाजानेच तुटेल.

भाची: माझी भीती हीच आहे. मोठी गन आत शिरत नाही, म्हणून आपोआप हद्द राहते. छोटी गन कुठेही शिरते. तुझा पोरगा ती कुठेही लावेल.

मामा: पोराला शिकवायचं माझ्यावर सोड.

या मुद्द्यावर मला भाचीचं पटतं. अवजार जितकं सोयीचं, तितकं ते नको तिथे वापरलं जातं. ‘पोराला शिकवायचं माझ्यावर सोड’ हे उत्तर मामांच्या गॅरेजपुरतं ठीक आहे. जिथे शिकवायला मामा नाहीत अशी गॅरेजं जास्त आहेत. टॉर्कवर हद्द घालणाऱ्या बारीक पीळदार सळया मिळतात, त्या गोटीआधी लावतात. टायरच्या दुकानात त्या काही नसण्यापेक्षा बऱ्या. पण हवेचा दाब आणि गन बदलली की त्यांचा आकडाही बदलतो. त्यांच्या भरवशावर चाक सोडू नये.

मामा: आता बोल, घ्यायची ठरली तर काय काय बघू?

भाची: डोक्याची लांबी. मागच्या टोकापासून ऐरणीच्या टोकापर्यंत १०० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या मिळतात. वर आखूड गोटी धर ४० ची. १४० झाले, तुझ्या वितीत बसतात. दुकानात जाताना टेप घेऊन जा आणि त्याआधी जी जागा नडते ती मोजून ने. मग हवा बाहेर कुठून पडते ते बघ. मुठीच्या खालून पडायला हवी. पुढून पडत असेल तर ब्रेकची सगळी भुकटी तोंडावर येते.

मामा: गोटी अडकवायला रिंग की पिन?

भाची: तू सांग.

मामा: रिंग. पिनवाली गोटी निसटत नाही खरी, पण अडचणीच्या जागी काढताना सुई शोधावी लागते. तेलकट हाताने कोण शोधणार? आणि नंबर बदलायचं बटण एका हाताने फिरलं पाहिजे, उलट-सुलट अंगठ्याने झालं पाहिजे. दुसरा हात गाडीखाली मोकळा नसतो. मुख्य म्हणजे पात्यांचं किट रत्नागिरीत नाही तर कोल्हापुरात मिळतं का, ते विचारून मगच पैसे काढायचे. फुकटात मिळाली तरी किट नसलेली गन मला नको.

भाची: आणि गोट्या? त्या चकचकीत, हातपान्याच्या गोट्या लावणार असशील तर गन घेऊच नकोस. त्या क्रोम-व्हॅनेडियमच्या, कडक असतात. ठोक्याने तडकून तुकडा डोळ्यात जातो. इम्पॅक्टच्या गोट्या काळ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या असतात. गन आणि त्यांचा संच एकाच बिलात घे. चष्मा आणि कानाला प्लगसुद्धा.

मामा: कानाला प्लग लावला तर गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू यायचं नाही.

भाची: ते तर तुला आताही ऐकू येत नाही.

(मामा हसतात. कॉम्प्रेसरखालचा कॉक उघडतात. भुरकं पाणी जमिनीवर सांडतं.)

भाची: हे कधीपासूनचं?

मामा: कालचं. जुलैत दिवसातून दोनदा सोडावं लागतं. कोकणातल्या हवेत हवा किती आणि पाणी किती कोण सांगणार! हे पाणी गनमध्ये गेलं की पाती चिकटतात आणि सिलिंडरला गंज चढतो. म्हणून रोज सकाळी गनच्या तोंडात चार-पाच थेंब एअर टूलचं तेल टाकतो. मोठी गन एवढी वर्षं टिकली ती त्या तेलावर.

भाची: तेल टाकतोस, पाणी सोडतोस, मग ५ मिलिमीटरची पाइप का ठेवलीस रे इतकी वर्षं?

मामा: कुणी सांगितलंच नाही.

शेवटी दोघांचं एकमत झालं का? पूर्ण नाही. पाइप आणि कपलर या आठवड्यातच बदलायचे, यावर दोघं एक आहेत. त्यानंतर भाची म्हणते आधी चांगला टॉर्क रेंच, ४० ते २०० न्यूटन-मीटर पल्ल्याचा, वर्षातून एकदा तपासून घ्यायचा, आणि गन पुढच्या वर्षी. मामा म्हणतात गन आधी, खांदा पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाही.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन सुटका करून घेता येणार नाही. ज्या गॅरेजात टॉर्क रेंचच नाही, तिथे पहिले पैसे त्याच्यावर खर्च व्हावेत. गंजलेला बोल्ट दांड्याने, तेलाने, आचेने, वेळ घालवून का होईना सुटतो. बरोबर टॉर्कला आवळण्याला मात्र दुसरा उपाय नाही, अंदाज हा उपाय नव्हे. टॉर्क रेंच आहे, हवा पुरेशी आहे, पाइप मोठी आहे, आणि तरीही आठवड्यातून चार वेळा वीतभर जागेत हात अडतो, अशा गॅरेजवाल्याने छोटी हवेची गन जरूर घ्यावी. घरी हौसेने काम करणाऱ्याने ती घेऊ नये. त्याने बॅटरीची घ्यावी किंवा लांब दांडाच बरा. आणि ज्याचं काम फक्त चाकं काढण्या-घालण्याचं आहे, त्याला छोट्या गनची गरज नाही. चाकाच्या नटासमोर मैदान मोकळं असतं.

ज्यांना गॅरेजशी काही देणं-घेणं नाही, फक्त गाडी चालवायची आहे, त्यांनी एवढं करावं: गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटांचा टॉर्क किती दिला आहे तो शोधून मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. पुढच्या वेळी टायरवाल्याने गन उचलली की त्याला तो आकडा सांगावा आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, आपल्यासमोर करून घ्यावं. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत. रेंच नसेल तर दुकान बदलावं.